पंधराची मेमरी

मी बसले की संगणक बंद पडायचा आणि सर बसले की चालायचा, हे मी आधीच कबूल करून टाकते. ऐकणाऱ्यांना वाटतं, माझ्यावर उगाच आळ आला. उगाच नव्हता हो. आळ घेणाऱ्यांनी जे पाहिलं ते डोळ्यांनी नीट पाहिलं होतं. त्यावरून त्यांनी जे ठरवलं ते चुकलं होतं. आणि ठरवताना माझ्या अंगाची चौकशी केली, माझ्या डोक्याची नाही, म्हणून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अजून आठवलं की जाते.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. रत्नागिरीत आमच्या सरांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. इन्स्टिट्यूट म्हणजे त्यांच्या घराची ओटी. ओटीवर बारा टाइपरायटर, आणि माजघराच्या दारापलीकडे त्यांचा संसार. घरात सर आणि वहिनी दोघंच. मुलगा शिकायला बाहेरगावी. मी त्या ओटीवरच टायपिंग शिकले, मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा दिली आणि तिथेच शिकवायला लागले. तेवीस वर्षांची होते. घरी लग्नाचं बघत होते आणि मी दरवेळी काहीतरी खुसपट काढून स्थळ परतवत होते.

मग सरांनी संगणक आणला. गावात तेव्हा संगणक बघितलेली माणसं थोडी आणि त्यावर बोलणारी पुष्कळ. ओटीच्या बाजूची पडवी काचा लावून बंद केली, खिडकीला जाड पडदा लावला, जांभ्याची लाल धूळ आत येऊ नये म्हणून दाराशी ओलं पोतं अंथरलं. चपला बाहेर. दसऱ्याला टाइपरायटरांच्या ओळीत त्यालाही झेंडूची माळ घातली. हिरव्या अक्षरांचा पडदा, दोन फ्लॉपी, आणि पुढच्या बाजूला एक बटण. त्या बटणाचं नाव टर्बो.

या बटणावर सगळी कथा आहे, म्हणून ते नीट सांगते. बटण बाहेर असलं की आतला प्रोसेसर सावकाश चालायचा, जुन्या यंत्रांच्या चालीनं. बटण आत दाबलं की लाल दिवा लागायचा आणि तोच प्रोसेसर जवळजवळ दुप्पट वेगानं पळायचा, आठ मेगाहर्ट्झवर. सरांनी ते बटण जन्मात कधी दाबलं नाही. स्कूटरसुद्धा ते तीसच्या वर नेत नसत. "यंत्राला कधी दम लागू देऊ नये," असं त्यांचं म्हणणं. माझं उलट. खोलीत शिरले की आधी पंखा, मग टर्बो. मला वाट बघायची सवय नाही, तेव्हाही नव्हती. पण आमच्या दोघांच्या या सवयींकडे तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं, माझंही नव्हतं.

यंत्र आलं तेव्हा त्यात मेमरी होती दोनशे छप्पन किलोबाइट. पहिले धडे त्यात भागले. पुढचा धडा, ज्याच्यासाठी अर्धी मुलं आली होती, तो काही उघडेना. मेमरी अपुरी आहे, एवढं सांगून संगणक गप्प बसायचा. आतल्या पाटीवर नऊ चिपांची एक ओळ भरलेली होती आणि खाली दुसरी ओळ रिकामी होती. तेवढी भरली की पाचशे बारा. मुंबईच्या विक्रेत्याला पत्र घातलं तर तो म्हणाला, महिना-दोन महिने थांबा, माल नाही.

आमच्या वर्गात राजिवड्याची एक मुलगी होती. हुशार, बोटं अशी चालायची की बघत राहावं. तिचा भाई दुबईला होता आणि सुट्टीवर येणार होता. ती म्हणाली, "मॅडम, लिहून द्या ना. भाई आणंल. तिथं ढिगानी मिळतं."

मी लिहून दिलं. ही चिठ्ठी माझ्या हातची, तेही कबूल करते. भरलेल्या ओळीतल्या चिपेवर बघून मी लिहिलं, ४१२५६, नग नऊ. त्या आकड्यापुढे एक आडवी रेघ आणि पंधरा असं होतं. मला वाटलं, ती कारखान्याची काहीतरी खूण असेल. ते मी सोडून दिलं. आणि मग पुढचं सगळं रामायण झालं.

भाई आला. दूध पावडरीच्या डब्यात, चंदेरी कागदात गुंडाळलेल्या नऊ चिपा, गोमेसारख्या काळ्या आणि पायवाल्या. सरांनी आंघोळ करून, देवापुढे उदबत्ती लावून त्या स्वतःच्या हातानं बसवल्या. यंत्र चालू केलं तर पडद्यावर आकडा मोजत मोजत पाचशे बारावर जाऊन थांबला. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या, वहिनींनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. धडा उघडला. मला तर नाचावंसं वाटत होतं.

दोन दिवसांनी दुपारच्या वर्गात मी शिकवत होते. एका मुलीनं तासभर खपून पान भरलं होतं. एकदम पडदा गोठला. कोपऱ्यात पॅरिटी चेक अशी दोन शब्दांची ओळ आली आणि संपलं. कळ दाबा, काही करा, दगड. बंद करून पुन्हा चालू करावं लागलं, पान गेलं. ती मुलगी रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी सर बसले, चार तास सुरळीत. दुपारी मी बसले, पाऊण तासात ठप्प. असं दहा-बारा वेळा झालं. सर बसले की चालू, मी किंवा माझ्या वर्गातलं कुणी बसलं की बंद. कारण वर्ग सुरू व्हायच्या आधी टर्बो दाबून ठेवणारी मीच. पण हे आता सांगते. तेव्हा मी सगळ्यांसारखीच डोकं खाजवत होते.

सर आधी विजेला दोष देत होते, मग दमट हवेला. वहिनींनी मात्र तिसरंच शोधून काढलं. एक दिवस मी मागच्या दारी हात धुवायला गेले तर त्या विहिरीपाशी उभ्या होत्या. बाई तशी मायाळू. मला कितीदा जेवायला घातलं असेल. चाळिशीची, हसरी, माझ्याशी नेहमी गमतीनं बोलणारी. त्या दिवशी हसल्या नाहीत.

"काय गो, ते मेलं यंत्र पहिल्यांदा बंद पडलं, तेव्हा तू कितव्या दिवसात होतीस?"

मला आधी कळेचना. मग कळलं. आणि मी आठवलं, तर दुसरा दिवस होता. खोटं बोलायला काय जात होतं? पण मला खोटं बोलता येत नाही, बोलले की कान लाल होतात. म्हटलं, "दुसरा."

"तरीच," वहिनी म्हणाल्या. "दसऱ्याला पूजा केलेली वस्तू ती. मी स्वतः त्या दिवसांत ओटीवरसुद्धा येत नाही, तुला ठाऊक आहे. आणि तुम्ही पोरी खुशाल हात लावता."

"वहिनी, मधले किती दिवस बंद पडला! तेव्हा कुठे मी..."

"तू नसशील, दुसरी कुणी असंल. नऊ पोरी आहेत वर्गात. एकदा विटाळलं की विटाळलं."

मी हात पुसले आणि आत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. "एवढं टाइप करून दे. दोन कार्बन घाल." नजर दुसरीकडे. मी वाचलं. विद्यार्थिनींनी आपल्या अडचणीच्या चार दिवसांत संगणक कक्षात प्रवेश करू नये. शिक्षिकेसही हा नियम लागू राहील. खाली सरांची सही करायची जागा सोडलेली. एक प्रत दारावर, एक फलकावर, एक फायलीत.

बघा, मला टाइप करायला दिलं. मला! मशीनमध्ये कागद चढवलेला होता. माझे हात कळांवर होते आणि ते हलेनात.

"सर, हे मी टाइप करणार नाही."

"अगो, समजून घे. हिच्या मनाला लागलंय. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"तीन महिन्यांचा कोर्स आहे. त्यात तीनदा चार दिवस. आणि पोरींनी दारात येऊन सांगायचं का, सर, आज माझी अडचण? मुलांच्या देखत? त्यापेक्षा त्या येणारच नाहीत. त्यांच्या घरचे पाठवणारच नाहीत. मुलांचा वर्ग चालवा मग!"

ओटीवरची खडखड थांबली होती. सगळे ऐकत होते. सर हळू आवाजात म्हणाले, "सोमवारी नोटीस लागेल. तू टाइप केलीस तर टाइप केलेली लागेल, नाहीतर माझ्या अक्षरात लागेल. तुला पटत नसेल तर तू टाइपरायटर सांभाळ, संगणकाचं मी बघतो."

म्हणजे झालंच. सोमवारपर्यंत मी काही दाखवलं नाही, तर नऊ मुली त्या काचेच्या दाराबाहेर आणि त्यांच्याबरोबर मीही. मी शनिवारी संध्याकाळी यंत्राबरोबर आलेलं पुस्तक घरी घेऊन गेले. तैवानमधलं तीस पानी पुस्तक, इंग्रजी असं धेडगुजरी की एकेक वाक्य तीनदा वाचावं. आईनं विचारलं, परीक्षा आहे का? म्हटलं, हो.

अठराव्या पानावर सापडलं. मेमरी निवडताना ती प्रोसेसरच्या वेगाला पुरी पडते का ते बघा, असं होतं. सावकाश चालीला दोनशे नॅनोसेकंदांची चालेल. टर्बोला दीडशेची किंवा त्याहून कमी. मी ती ओळ वाचली आणि खाटेवर उठून बसले. त्याहून कमी! म्हणजे आकडा लहान तेवढी मेमरी चपळ. कारण तो आकडा म्हणजे ताकद नव्हेच. तो वेळ होता, उत्तर द्यायला लागणारा.

मिरकरवाड्याला माशाचा लिलाव बघितला असेल तर लगेच समजेल. लिलाव करणारा भराभर बोली पुकारत पुढे जातो, तुमच्यासाठी थांबत नाही. तुम्ही मनाशी ठरवून तोंड उघडेपर्यंत पाटी दुसऱ्याची झालेली असते. प्रोसेसर तसा. त्यानं विचारलं की मेमरीनं ठरल्या वेळात बोललं पाहिजे. नाही बोलली तर तो जे कानावर पडेल ते खरं धरतो, आणि मग जो गोंधळ होतो तोच पडद्यावर पॅरिटी चेक म्हणून येतो.

रविवारी सकाळी मी सरांकडे गेले आणि परवानगी न मागता झाकणाचे स्क्रू काढले. वरच्या ओळीत, यंत्राबरोबर आलेल्या चिपांवर ४१२५६, रेघ, पंधरा. खालच्या ओळीत, दुबईच्या चिपांवर ४१२५६, रेघ, वीस. पंधरा म्हणजे दीडशे आणि वीस म्हणजे दोनशे, शेवटचं शून्य गाळलेलं. नऊच्या नऊ. मी तिथेच जमिनीवर बसले आणि हसायला लागले. सरांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं.

राजिवड्याच्या मुलीला मी निरोप पाठवून बोलावून घेतलं. तिनं सांगितलं ते ऐका. दुकानदारानं भाईला विचारलंन, पंधरा पाहिजे का वीस? भाव एकच. भाई म्हणालान, वीस दे. "मॅडम, आमच्यात कोण लहान आकडा आणतंय? टीव्ही आणला तर मोठ्या इंचाचा, टेप आणला तर जास्त वॅटचा. गावची माणसं विचारतात ना, केवढ्याचा आणलास? आणि ही तर शाळेची वस्तू. भाईला वाटलं, पंधरा नेली तर तुम्ही म्हणाल, हलकी आणलीन." तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मी म्हटलं, अगो, तुझ्या भाईची काही चूक नाही, चिठ्ठी मी लिहिली होती.

मग मी सरांना खुर्चीत बसवलं. "सर, आज तुम्ही चालवा. फक्त हे बटण मी दाबते." लाल दिवा लागला. सर कुरकुरत धडा चालवू लागले. वहिनी माजघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पंचवीस मिनिटं गेली असतील. पडदा गोठला. सरांच्या हातात! आंघोळ केलेल्या, गंध लावलेल्या सरांच्या हातात! त्यांनी एकदा कळ दाबली, दोनदा दाबली, आणि माझ्याकडे बघितलं.

"आता बटण बाहेर काढा आणि दिवसभर चालवा," मी म्हटलं. त्यांनी चालवला. संध्याकाळपर्यंत एकदाही अडला नाही.

मला वाटलं, जिंकले. कुठलं काय! सर म्हणाले, "मग प्रश्नच मिटला. टर्बो कायमचा बंद ठेवू. एवढी घाई कुणाला आहे?" आणि वहिनी दारातूनच म्हणाल्या, "पण बंद पडलं तेव्हा ती खोलीतच होती की! बाजूला उभी होती ना ती?"

"वहिनी, मी आज त्या दिवसात नाही."

"होतीस की पहिल्या खेपेला. मी म्हटलं ना, एकदा विटाळलं की झालं."

सर मान खाली घालून म्हणाले, "नोटीस राहू दे गो. तिच्या समाधानासाठी. तुझं म्हणणं मला पटलंय."

पटलंय आणि नोटीस राहू दे! मला जो संताप आला तो कधी आला नव्हता. वहिनींचा राग नव्हता एवढा. त्यांची श्रद्धा होती, त्या स्वतः ती पाळत होत्या. सरांचं काय? ज्यांना कळलंय त्यांनी गप्प बसायचं, आणि आठवर पळू शकणाऱ्या यंत्रानं जन्मभर रांगायचं, आणि नऊ पोरींनी दाराबाहेर उभं राहायचं. कशासाठी, तर नऊ चिपा चुकीच्या आल्या म्हणून!

मी म्हटलं, "सर, नोटीस थांबवा. पंधराच्या चिपा मागवा. त्या मी बसवीन, माझ्या हातानं, आणि माझ्या दुसऱ्या दिवशी. सगळ्या वर्गासमोर. टर्बो चालू. दोन तास. त्यात एकदा जरी अडला, तर तुमची नोटीस मी स्वतः टाइप करीन आणि खाली माझंही नाव घालीन."

वहिनींनी दोन्ही हात कानांवर नेले. सरांनी एकदा वहिनींकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं." तोवर यंत्राला कुलूप घातलं. वर्गाला सांगितलं, सुटा भाग यायचाय.

यावेळची चिठ्ठी मी तीनदा वाचून पाठवली. ४१२५६, रेघ, पंधरा. पंधराच. वीसच्या फुकट दिल्या तरी नकोत. दुबईला परतलेल्या भाईचं उत्तर आलं बहिणीला, की लहान माल मागवलाय, कुणाला सांगू नको मी आणला म्हणून. पण माणूस शब्दाचा. त्याच्या खोलीतला एक गाववाला येणार होता, त्याच्या हातून डबी आली. मी प्रत्येक चिप उजेडात धरून आकडा वाचला.

सर म्हणाले, "चल, बसवूया."

म्हटलं, "नाही. अजून नऊ दिवस आहेत."

सरांचे कान लाल झाले. पण शब्द दिला होता. डबी कपाटात राहिली. नऊ दिवस अख्खं इन्स्टिट्यूट माझ्या पाळीची वाट बघत होतं! कुणी तोंडानं बोलत नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. मुलं माझ्याकडे बघून नजर चुकवायची, मुली एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. आमच्या आईच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "लाज कोळून प्यायलीस. आता कोण करील तुला?" मी म्हटलं, "ज्याला वीस आणि पंधरातला फरक कळेल तो करील." तिनं कपाळावर हात मारला. आणि मेलं शरीर बघा, कधी नव्हे ते दोन दिवस उशीर! दर महिन्याला नको नको म्हणणारी मी, त्या दोन दिवसांत देवाला हात जोडत होते.

दुसरा दिवस शुक्रवारी आला. पोटात कळा येत होत्या, पाठ भरून आली होती. मी धुतलेली साडी नेसले आणि गेले. काचेच्या खोलीत चौदा विद्यार्थी दाटीवाटीनं उभे होते. सर खिडकीपाशी. वहिनी माजघराच्या उंबऱ्यापलीकडे, दाराला टेकून, ओटीवर पाऊल न ठेवता. मी मोठ्यानं म्हटलं, "आज माझा दुसरा दिवस आहे." एका मुलानं खोकल्याचं नाटक केलं. मी त्याच्याकडे बघितलं तसा गप्प झाला.

वीसच्या नऊ चिपा एकेक उपटून काढल्या. पंधराच्या नऊ बसवल्या, पाय वाकणार नाहीत अशा, खाचेची बाजू बघून. खरं सांगते, विटाळाची भीती नव्हती, पण चिपच मुळात फुटकी निघाली तर? मधेच वीज गेली तर? तेवढ्यानंही त्यांना पुरलं असतं. यंत्र चालू केलं. आकडा पाचशे बारापर्यंत गेला. मी टर्बो दाबला.

पहिला धडा मी चालवला. मग राजिवड्याच्या मुलीला बसवलं. मग एकेक करून नऊही मुलींना. त्यांच्यात त्या दिवशी आणखी कोण कितव्या दिवसात होती, मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. एक तास गेला. दीड तास. पंख्याचा आवाज आणि कळांचा आवाज. दोन तास झाले तेव्हा सरांनी घड्याळ बघितलं, नोटिशीचा तो कच्चा कागद खिशातून काढला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. "चाललं बाई," एवढंच म्हणाले. मुलींनी जी आरडाओरड केली ती रस्त्यापर्यंत ऐकू गेली असेल. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

वर्ग पांगला. सर झाकणाचे स्क्रू लावत होते. मी डोळे पुसत होते. तेवढ्यात वहिनी उंबरा ओलांडून ओटीवर आल्या, ओटीवरून पडवीत, आणि थेट त्या खुर्चीत बसल्या.

"अगो, तू आज..." सर चाचरले. सकाळचा चहा सरांनी का केला होता, ते मला तेव्हा कळलं.

"आज पहिला दिवस माझा," वहिनी म्हणाल्या, त्यांच्याकडे न बघता. "वीस वर्षं मी मागे बसून काढली. म्हटलं बघू तरी, काय होतंय माझ्या हातानं." आणि मला म्हणाल्या, "सांग गो, कुठलं दाबू?"

मी दाखवलं. एका बोटानं, शोधून शोधून, त्या एकेक अक्षर दाबू लागल्या. हिरवी अक्षरं उमटत होती. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. यंत्र चालत होतं. वहिनी एकदा त्या पडद्याकडे बघायच्या, एकदा स्वतःच्या बोटाकडे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्यांना पुसायची शुद्ध नव्हती.

शेवटी सर म्हणाले, "पुरे आता. ऊठ. जेवणाचं बघायला हवं."

"तुम्ही बघा," वहिनी म्हणाल्या. "मला आज स्वयंपाकघरात जायचं नाही ना? मग मला वेळच वेळ आहे."